आजाराची हकीकत

चहाचा पहिला घोट घेतला आणि खिडकीच्या फळीवर टकटक झाली.

"आली," मी म्हटलं. कोणाला म्हटलं कोण जाणे, खोलीत मी एकटीच होते.

फळी ढकलली. बाहेर एस्तेर उभी. काटकुळी, ठेंगणी, कमरेला निळं छापील कापड, पाठीला तसल्याच कापडात बांधलेली दीड वर्षाची पोर, तावोंगा. अजून धड उजाडलेलं नव्हतं. तिची भाषा मला येत नव्हती आणि माझी तिला. म्हणून ती दोन्ही तळहात एकावर एक ठेवायची आणि वरचा उलटा करायची. म्हणजे नवऱ्याला कुशीवर वळवायचंय, एकटीला जमत नाही, चला.

"अगं, माझी ड्यूटी सुरू व्हायचीय अजून," मी मराठीत म्हणाले. "मला दोन घोट तरी घेऊ दे!"

तिनं मान डोलावली आणि पुन्हा तळहात उलटा केला.

कप खाली ठेवला, पायात चपला सरकवल्या. पाय म्हणजे खांब झाले होते सुजून. वयाच्या साठीनंतर माणसानं घरी बसून नातवंडं सांभाळावीत, हे मला त्या वॉर्डाकडे जाताना रोज पटायचं आणि रोज उशीर झालेला असायचा.

मी सगुणा रणदिवे. नगरच्या सिव्हिलमधून सिस्टर म्हणून निवृत्त झाले. आमच्या चर्चचं मलावीतल्या एका छोट्या मिशन हॉस्पिटलशी जुनं नातं होतं. तिथं नर्सेस कमी पडतात, अनुभवी कोणी काही महिने सेवेला येईल का, अशी विचारणा रविवारी उपासनेत झाली आणि माझा हात वर गेला. का गेला, ते अजून मला सांगता येत नाही. आमचे हे म्हणाले, "जा की. मी पण चार महिने शांत झोपतो." झालं, मी निघाले.

निघताना शेजारची लीला एक जाडजूड वही घेऊन आली. लीला म्हणजे निवृत्त शिक्षिका. माणूस दिसला की त्याला निबंध लिहायला लावणारी.

"सगुणा, रोज लिहायचं. प्रवासवर्णन. सरोवर, जंगल, जिराफ, तिथली माणसं. आलीस की महिला मंडळात वाचू."

"मला कुठं लिहिता येतंय?"

"जन्मभर रिपोर्टं कोण लिहीत होतं मग?"

रिपोर्टं लिहीत होते, तेच तर नडलं. पहिल्या पानावर मी लिहिलं: ‘सरोवर मोठे आहे. पाणी स्वच्छ दिसते. जिराफ नाही.’ पुढं काय लिहायचं ते सुचेना. मग जे जन्मभर लिहिलं तेच लिहायला लागले. वॉर्डात आज काय झालं, कोणाचा ताप उतरला, कोणी डोकं खाल्लं. दुपारी जेवण झालं की खोलीपुढच्या ओट्यावर बसून लिहायची. येता-जाता सगळे बघायचे. फरक एवढाच की सिव्हिलच्या रिपोर्टात मनातलं लिहायची सोय नव्हती. इथं मराठी वाचणारं काळं कुत्रं नव्हतं, म्हणून जे तोंडावर बोलता येत नव्हतं ते सगळं वहीत ओकायची. त्यातलं निम्मं एस्तेरवर असायचं.

तिचा नवरा योहाने. सरोवरातला कोळी. पस्तिशीचा असेल. हातापायांच्या काड्या आणि पोट मात्र नऊ महिने भरलेल्या बाईसारखं. लिव्हर कामातून गेलेलं. पोटातलं पाणी काढायचं, चार दिवसांत पुन्हा भरायचं. यापलीकडे त्या हॉस्पिटलात करण्यासारखं काही नव्हतं. मुंबईत तरी काय होतं म्हणा.

तिथं प्रत्येक पेशंटबरोबर घरचं एक माणूस लागतं. त्याला अंघोळ घालायची, भरवायचं, कपडे धुवायचे, हॉस्पिटलमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चुलीवर रांधायचं, सगळं त्या माणसानं. सगळ्या पेशंटांमागे आम्ही नर्सेस दोघीतिघी. पेशंटांबरोबरच्या बाकी सगळ्या बायका आपापलं गुपचूप करायच्या. एस्तेरला गुपचूप हा शब्दच ठाऊक नव्हता. तिला सगळं जास्त लागायचं. पाणी जास्त, साबण जास्त आणि मी तर फारच जास्त.

फालेसी आली त्या दिवशी मी पलीकडच्या कॉटवर सलाइन लावत होते. फालेसी म्हणजे योहानेची थोरली बहीण. आईबाप गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेला. धिप्पाड बाई, डोक्यावर सुक्या मासळीचं गाठोडं. आपल्या सुकटीचाच वास. नगरला असते तर नाक दाबलं असतं, तिथं मला घरची आठवण झाली. तिनं भावाचं पोट पाहिलं, गाठोडं धाडकन खाली टाकलं आणि एस्तेरकडे बोट करून जी सुरू झाली ती थांबेचना.

वॉर्डाची इनचार्ज ग्रेस म्वाले धावत आली. चाळिशीची, शांत, कामाला वाघ. तिनं फालेसीला दंडाला धरून बाहेर नेलं. परत आली तेव्हा मी इंग्रजीत विचारलं, "काय म्हणत होती?"

"म्हणते, असं पोट आजारानं फुगत नाही. कोणीतरी केलंय. आणि करणारी त्याच्या उशाशी बसलीय."

"काय बाई तरी! लिव्हर आहे ते, सांगितलंस ना?"

"सांगितलं. ती म्हणाली, हॉस्पिटलवाले नेहमी असंच काहीतरी सांगतात."

"आमच्याकडे अशा सुनेला पांढऱ्या पायाची म्हणतात," मी म्हणाले.

ग्रेसला ते समजावून सांगावं लागलं नाही. चादरीची घडी करत ती म्हणाली, "सिस्टर, हा काही जगणार नाही. आणि हा गेल्यावर गावानं फालेसीचं ऐकलं तर एस्तेरला माहेरी धाडतील. एकटीला. लग्नात यांनी गाई दिल्यात, त्यामुळे पोर यांची. तावोंगा तिला परत दिसायची नाही."

मी एस्तेरकडे पाहिलं. फालेसीचं सगळं बोलणं तिला ऐकू गेलं होतं. ती खाली बसून नवऱ्याच्या टाचांना तेल चोळत होती आणि पाठीवरची पोर तिचा कान ओढत होती.

फालेसी त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं गेली. मासळीचा हंगाम होता, पोटापाण्याचं सोडून बसणार किती? जाताना भावाच्या डोक्यावरून हात फिरवला, एस्तेरशी बोलली नाही. त्यानंतर पुन्हा काही तिला यायला जमलं नाही.

दिवस गेले. ग्रेसला मधे बाळंतिणींच्या वॉर्डात हलवलं आणि पुरुषांचा वॉर्ड बराचसा माझ्या गळ्यात आला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! अंग रोज इतकं दुखायचं, की रात्री प्रार्थनेला गुडघे टेकले की उठायला कॉट धरावी लागायची. परतीचं तिकीट मी पर्समधून काढून बघायची आणि परत ठेवायची. योहानेचं बोलणं बंद झालं. मग डोळे उघडणं बंद झालं. मला ते नवीन नव्हतं, अशी माणसं मी खूप पाहिलीत. लिव्हर गेलं की शेवट असाच होतो.

एका सकाळी मी वॉर्डात शिरले तेव्हा त्याच्या तोंडावर चादर ओढलेली होती. एस्तेर पायथ्याशी बसली होती. रडत नव्हती. त्याचा शर्ट मांडीवर घेऊन बटणं लावत होती, वरपासून खालपर्यंत.

दुपारी ग्रेस माझ्या खोलीवर आली.

"सिस्टर, उद्या दफन आहे. तुम्हाला गावी यावं लागेल."

"मी? अगं मला उभं राहवत नाही. तू जा."

"मी येतेच आहे. पण मी निम्मा वेळ बाळंतिणींकडे होते, सगळ्यांना माहीत आहे." ती ओट्यावर टेकली. "आमच्याकडे पेटी मातीत उतरवण्याआधी आजाराची हकीकत सांगतात. सगळ्या गावासमोर. दुखणं कसं सुरू झालं, काय खाल्लं, काय प्यायला, कोण जवळ होतं, कसा गेला. जो उशाशी होता त्यानं सांगायचं. ती ऐकूनच गाव ठरवतं, मरण साधं होतं की कोणी आणलेलं."

"मग एस्तेर सांगेल ना."

"फालेसी तिला तोंड उघडू देणार नाही. जिच्यावर संशय, तिची हकीकत कोण ऐकणार?" ग्रेस माझ्याकडे वळली. "एस्तेरनंच तुमचं नाव सांगितलंय. म्हणाली, त्या आमामा रोज दुपारी लिहितात. त्यांच्याकडे सगळं लिहिलेलं आहे."

आमामा म्हणजे आई. मी कपाळाला हात लावला.

"ग्रेस, त्या वहीत काय लिहिलंय ठाऊक आहे तुला?"

"काय?"

"शिव्या. त्या बाईच्या नावानं नुसत्या शिव्या."

इतक्या दिवसांत ग्रेसला मी पहिल्यांदा हसताना पाहिलं. पण हसू लगेच ओसरलं. "मग चांगलं काहीतरी सांगा," ती म्हणाली. "वही हातात असली म्हणजे झालं. मराठी कोणाला येतं इथं?"

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या पिकअपमध्ये मागे पेटी, तिच्या कडेनं एस्तेर आणि चर्चच्या बायका. पुढं ड्रायव्हर, ग्रेस आणि मी. रस्ता असा की आतडी जाग्यावर राहतील तर शपथ. बायका सगळा रस्ता गात होत्या. सूर आमच्या स्तोत्रांसारखाच, शब्द निराळे. मी वही मांडीवर घट्ट धरली होती आणि मनात वाक्यं जुळवत होते. सेवाभावी. पतिव्रता. नवऱ्याचा तळहातावरच्या फोडासारखा सांभाळ केला. लीलाला आवडेल असंच सगळं.

गाव सरोवराच्या काठाला. मासळी वाळवायचे बांबूचे लांबच लांब मांडव, मधून शेळ्या. गाडी थांबली तशी घरातून आक्रोश उठला. फालेसी सगळ्यांच्या पुढं. ती पेटीकडे गेली, लाकडावर दोन्ही हात आपटले, खूप रडली. ते रडणं खोटं नव्हतं. मग ती एस्तेरकडे वळली. तिच्या तोंडाकडे न बघता तिच्या छातीवरची गाठ सोडली, तावोंगाला उचललं आणि आपल्या पाठीवर बांधलं. एस्तेर हलली नाही. पोर झोपेतच एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर गेली.

"घेतलं," ग्रेस माझ्या कानाशी म्हणाली.

अंगणात आंब्याचं मोठं झाड होतं. खाली एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, मधे स्टुलांवर पेटी. एस्तेरला भिंतीशी एकटीला बसवलेलं, डोक्यावरून कापड ओढून. तिच्याजवळ कोणी बसलं नव्हतं. गावचा मुखिया म्हातारा, जुना काळा कोट घातलेला, हातात काठी. भजन झालं, प्रार्थना झाली. मग त्यानं विचारलं, आजाराची हकीकत कोण सांगणार? ग्रेसनं माझं नाव सांगितलं. फालेसी काहीतरी तडकून बोलली.

"काय म्हणते?"

"म्हणते, परक्या देशातली बाई काय सांगणार?"

म्हाताऱ्यानं काठी जमिनीवर टेकवली आणि मला खूण केली.

मी उभी राहिले. वही उघडली आणि पानाकडे न बघता रस्त्यात जुळवलेलं इंग्रजीत म्हणायला लागले. योहाने भला माणूस होता. एस्तेर साध्वी आहे. तिनं रात्रीचा दिवस केला. अशी बायको मिळायला भाग्य लागतं. ग्रेस एकेक वाक्य त्यांच्या भाषेत सांगत गेली. मी माणसांच्या तोंडांकडे पाहिलं. एकही चेहरा हलत नव्हता. एक आजीबाई शेळीला हाकलायला उठल्या. फालेसी तर मानेला हिसका देऊन हसली.

म्हातारा सावकाश बोलला. ग्रेसनं खाली बघत मला सांगितलं, "ते म्हणतात, पाहुण्यांचे उपकार. पण पेटीसमोर सगळेच चांगलं बोलतात. बाईंनी त्या वहीत हेच लिहिलंय का?"

ऊन डोक्यावर आलं होतं. पाय ठणकत होते, तोंडाला कोरड. माझं अंग इतकं शिणलं होतं, की दुसरं खोटं रचायचं बळ उरलं नव्हतं. खरं सांगते, त्या क्षणी मला एस्तेरचंही काही वाटलं नाही. नुसतं वाटलं, होऊ दे काय व्हायचं ते आणि मला बसू द्या.

"नाही," मी म्हणाले. "हे नाही लिहिलेलं."

आणि एकेक वाक्य इंग्रजीत करून वाचायला लागले.

"‘ही बाई मला जगू देणार नाही. उजाडायच्या आत खिडकीत हजर. म्हणे त्याला कुशीवर वळवा. काल वळवला, परवा वळवला. मी काय सातासमुद्रापलीकडे माणसं वळवायला आलेय?’"

ग्रेसचं तोंड उघडंच राहिलं. "सिस्टर, हे सांगू?"

"जसंच्या तसं सांग."

तिनं सांगितलं. मागे बसलेला एक माणूस नाकातून फुसकन हसला आणि शेजाऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं. म्हातारा मात्र जरा पुढं झुकला.

"‘पुन्हा साबण मागितला. नगरहून आणलेली माझी चंदनाची वडी त्याच्या पाठीला चोळून चोळून अर्धी केली. आता मी कशानं अंघोळ करू? हॉस्पिटलचा साबण लाव म्हटलं तर म्हणे त्यानं त्याला खाज सुटते.’"

बायकांच्या बाजूनं खुसखुस झाली. कोणीतरी कोणाला तरी "तशीच आहे ती" अशा अर्थाचं काहीतरी म्हणालं असावं, कारण दोघी-तिघींनी माना हलवल्या.

"‘मिठावरून भांडण. त्याला मीठ अजिबात नको म्हणून बजावलंय. आज शेडमध्ये जाऊन तिचं भांडं तपासलं. पेज अळणी होती. मग बघितलं तर स्वतःही तीच अळणी पेज खात होती. ग्रेसला विचारायला लावलं, तर म्हणे त्याला एकट्याला अळणी जात नाही. येडी आहे. चक्कर येऊन पडली म्हणजे हिलाही मीच बघायची.’"

आता कोणी हसलं नाही. मी पान उलटलं. मला स्वतःला त्यातलं काय काय आठवत नव्हतं. रागानं लिहिलेलं माणूस पुन्हा कधी वाचतं?

"‘आज मला हाताला धरून ओढत नेलं, पाठ बघा म्हणून. बघितली. इतका पडून आहे, अंगात मांस नाही, तरी पाठीला कुठं लालीसुद्धा नाही. सिव्हिलमध्ये असता तर केव्हाच जखमा झाल्या असत्या. हे सगळं वळवण्यानं. कबूल. पण म्हणून काय मी सकाळचा चहाच सोडायचा?’"

पाठीच्या जखमा म्हणजे काय ते ग्रेसनं आपणहून समजावून सांगितलं. स्वतःच्या कमरेवर हात ठेवून, कुठं होतात, कशा कुजतात. म्हाताऱ्यानं, पेटीत ठेवण्याआधी हॉस्पिटलात येऊन योहानेला अंघोळ घातलेल्या गावच्या दोन माणसांकडे पाहिलं. त्यांच्यातला एक उठून काहीतरी बोलला आणि खाली बसला.

"तो म्हणतो, खरं आहे," ग्रेस म्हणाली. "पाठ लहान पोरासारखी होती."

फालेसीचं मघाचं हसू गेलं होतं. पोर पाठीवर झुलवत ती जागच्या जागी डुलत होती.

"‘आजपासून तो बोलत नाही. हाक मारली तरी ओ नाही, डोळे नाहीत. तरी ही त्याच्याशी बोलतेच आहे. बडबड, बडबड. सगळ्या वॉर्डाला ऐकू. माझं डोकं उठलं.’" मी पान उलटलं. "‘अजून बोलत नाही. आता घशातून आवाजसुद्धा नाही. ती बोलतेच आहे.’" आणखी एक पान. "‘तसाच. ती गात होती. गळा बरा आहे, पण वेळकाळ?’"

पुढचं पान मी न बघताच वाचायला घेतलं. त्या दिवशी दुपारची वाट न बघता मी सकाळी चहासोबतच लिहिलं होतं, ते तोवर विसरले होते.

"‘आज खिडकीत कोणी नाही. चहा गरम प्यायला मिळाला. देवाचे आभार.’"

वाचून झालं आणि मला कळलं मी काय वाचलं: तो गेला ती सकाळ. ग्रेसनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे म्हणत होते, हे नको. वही बंद करून पळत सुटावंसं वाटत होतं, पण सगळं गाव पुढच्या वाक्यासाठी थांबलं होतं आणि पुढं वाक्य नव्हतं.

"सांग," मी म्हणाले.

तिनं सांगितलं, हळू आवाजात. म्हाताऱ्यानं खाली मान घातली. बायकांमधून कोणीतरी हुंदका दिला, मग दुसरीनं. मघाशी शेळीला हाकलायला उठलेल्या आजीबाई उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि एस्तेरच्या शेजारी जाऊन बसल्या. मला रडू फुटलं. इतके दिवस वॉर्डात त्या माणसासाठी मी एक टिपूस काढलं नव्हतं, ते तिथं सगळ्यांसमोर पदरानं पुसत उभी राहिले.

म्हातारा फालेसीकडे वळला. तिला काही विचारायचंय का, असं त्यानं विचारलं असावं.

फालेसी पुढं आली. वाटलं, आता पुन्हा तोफ सुटणार. पण तिचा आवाज बसका निघाला. म्हाताऱ्याकडे न बघता ती माझ्याकडे बघत होती आणि एकच वाक्य बोलली.

ग्रेसनं मला सांगितलं, "ती विचारतेय, शेवटी शेवटी त्यानं फालेसीचं नाव घेतलं का?"

मी वहीत पाहिलं. काय पाहणार? आत्ताच वाचलं होतं, सगळ्या गावानं ऐकलं होतं. त्याची वाचाच गेली होती. पण ते त्या बाईच्या तोंडावर पुन्हा कसं सांगायचं? लहानपणापासून त्याला पाठीवर घेऊन वाढवलेलं, आणि शेवटी मासळीपायी येता आलं नाही. मी नुसतीच पानं उलटत राहिले, म्हणजे तिच्याकडे बघायला नको.

तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. एस्तेरनं डोक्यावरचं कापड मागे सारलं होतं. सकाळपासून ती पहिल्यांदा बोलत होती, आणि फालेसीनं तिला गप्प केलं नाही.

"ती म्हणतेय, घ्यायचा," ग्रेस पुटपुटली. "रोज घ्यायचा. अगदी शेवटच्या दिवशीसुद्धा. म्हणाला, दारात जाऊन बघ, फालेसी आली का."

मघाशी साबणाला हसलेल्या बायका आपल्या पायांकडे बघत होत्या. मुखिया काठीच्या मुठीकडे बघत होता. मी वही मिटली.

फालेसी तशीच उभी होती. तिनंही सगळं ऐकलं होतं, तिलाही कान होते. ती बराच वेळ एस्तेरकडे बघत राहिली. मग तिनं छातीवरची गाठ सोडली, पोर पुढं ओढून घेतली आणि अंगण ओलांडून भिंतीकडे गेली. एस्तेर गुडघ्यांवर पुढं वाकली. फालेसीनं तावोंगाला तिच्या पाठीवर ठेवलं, कापड काखेखालून पुढं घेतलं, स्वतःच्या हातानं गाठ मारली आणि पक्की बसली का ते ओढून पाहिलं.

मग म्हाताऱ्यानं माणसांना पेटी उचलायला सांगितलं.